तेरा मुलांची शाळा आणि मे महिना



परवा १ मेला झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटली, आणि आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेला कुलूप लागलं. आता थेट १६ जूनला उघडेल. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे. वर्षभर जे पाहिलं ते एकदा लिहून काढावं असं वाटलं. मंडणगड तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत थोड्याफार फरकाने हेच सापडेल, म्हणून शाळेचं नाव लिहीत नाही.

पट तेरा. पहिली ते चौथी. शिक्षक एक. गुरुजी घाटावरचे, इथे भाड्याने राहतात. पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन चौथीला भागाकार शिकवायचा, तोवर दुसरीतलं कोणीतरी पट्टीवरून भांडतं. त्यात खिचडीचा तांदूळ मोजायचा, ऑनलाइन माहिती भरायची, आणि माहिती भरायची तर रेंजसाठी शाळेमागच्या कातळावर जाऊन उभं राहायचं. नोव्हेंबरात विधानसभा निवडणूक आली. गुरुजी प्रशिक्षणाला गेले की शेजारच्या गावातल्या मॅडम येऊन दोन शाळा सांभाळायच्या. निवडणुकीचं काम कायद्यातच शिक्षकांना लागू आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दहा शिक्षकांच्या शाळेतून एक गेला तर शाळा चालू राहते. एकातून एक गेला की बाकी काय उरतं, हे आमच्या दुसरीतल्या पोरालाही सांगता येईल.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं स्वच्छ लिहिलंय. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा निर्णय आला आणि वीसच्या आतल्या शाळांचा दुसरा शिक्षक अडचणीत आला. सप्टेंबरात कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरलं, शिक्षक रस्त्यावर उतरले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो कंत्राटीचा निर्णय रद्दही झाला. एका शैक्षणिक वर्षात एवढं सगळं. आमच्या शाळेत मात्र दुसरी खुर्ची जूनमध्ये रिकामी होती, एप्रिलमध्येही रिकामीच.

गणवेशाचंही तेच. राज्यभर एकच गणवेश म्हणून कापड वरून येणार होतं. १५ ऑगस्टला आमची मुलं गेल्या वर्षीच्या आखूड झालेल्या चड्ड्यांत उभी होती. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला, २०२५-२६ पासून गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीने घ्यायचा. बरं झालं. गावातल्या शिंप्याला पोराची उंची मंत्रालयापेक्षा नक्कीच जास्त ठाऊक असते.

परीक्षाही २०२५ मध्ये राज्यभर एकाच वेळापत्रकाने, २५ एप्रिलपर्यंत. आपल्याकडचा एप्रिल सांगायला नको. घाम पुसता पुसता पेपर ओले. त्यात काजूचा हंगाम. पोरांच्या खिशात बिया, हाताला डीक, आणि उत्तरपत्रिकेवर काळे ठसे. गुरुजी म्हणाले, मी अक्षर बघतो, डाग बघत नाही. परीक्षा चालू असतानाच १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा निर्णय निघाला, आठवडाभरात ‘अनिवार्य’ या शब्दाला स्थगिती जाहीर झाली. मराठी-हिंदीचा वाद मोठ्यांनी जरूर घालावा. माझा प्रश्न लहान आहे: चार वर्ग सांभाळणाऱ्या एका माणसाने तिसरी भाषा कुठल्या तासाला घ्यायची?

चांगलंही बरंच झालं, तेही सांगतो. मार्चमध्ये मुलांना वेळासला नेलं. कासवाची पिल्लं वाळूतून समुद्राकडे जाताना तेराही जण पाच मिनिटं गप्प होते, हा आमच्या शाळेचा विक्रम आहे. तिसरीतली एक मुलगी, जी वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हती, तिने परत येताना एसटीत कंडक्टरला कासवाचं सगळं सांगितलं. मुंबई मंडळाने पत्रे बदलायला पैसे दिले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात छप्पर उडालं होतं, तेव्हा घाईत टाकलेले पत्रे एव्हाना गळायला लागले होते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनात स्वतःच्या परसातली भाजी घातली. त्याची कुठल्या पोर्टलवर नोंद नाही.

आता नोंदीवरून आठवलं. शाळेच्या कपाटात जुनी जनरल रजिस्टरं आहेत. पानं तांबूस, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण शाई अजून काळी. वर्षातून कितीतरी जण त्यासाठी येतात. कोणाला पेन्शनसाठी जन्मतारीख हवी असते, कोणाच्या नातवाला जात पडताळणीसाठी कागद. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. जमिनीचा कागद नाही, घराचा नाही, अशा कुळवाड्याच्या घरात तो पुरावा बहुतेकदा एकच: आजा कधीकाळी दोन वर्षं शाळेत गेला होता. बाकी काही शिकला नसेल, पण रजिस्टरात एक ओळ मागे ठेवून गेला. या पावसाळ्यात एक आजोबा आले होते. गुरुजींनी त्यांच्या वडिलांचं नाव शोधून दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

आपल्या तालुक्याला याची किंमत निराळी सांगायला नको. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच तालुक्यातलं. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली, तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आमच्या शाळेतही पाळला. गुरुजींनी भाषण न करता मुलांना हजेरीपत्रकातलं आपापलं नाव शोधायला लावलं. मला ते फार आवडलं.

आता खरी काळजी. चौथीतली चार मुलं दाखले घेऊन गेली. उरली नऊ. अंगणवाडीतून तीन मुलं पहिलीला यायच्या वयाची आहेत. एकाचं नक्की. दोघांचे आईबाप मंडणगडात इंग्रजी शाळेत घालायचं म्हणतायत, दारात गाडी येते. त्यांना दोष कसा देणार? एकाच शिक्षकावर चार वर्ग बघितल्यावर कोणत्याही आईच्या पोटात कालवाकालव होणारच. पण ती दोन मुलं गेली की पुढच्या वर्षी कागदावरचा आकडा आणखी बारीक, आणि बारीक आकड्याची शाळा दूरच्या शाळेत मिळवायला कोणी विचारतही नाही. मग पावसात पऱ्या ओलांडून सहा वर्षांचं पोर जाणार कसं? आणि ती रजिस्टरं कुठे जाणार? शेजारच्या म्हातारीने तर मला सरळ विचारलं, “पोरां नाय तं घंटा कोन वाजवनार रं?”

मे महिना आहे. चाकरमानी आलेत, लग्नं आहेत, पूजा आहेत, देवळाच्या सभामंडपासाठी वर्गणीही निघेल. निघू दे. त्याच बैठकीत शाळेचा विषय घ्यायचा असं समितीने ठरवलंय. दुसऱ्या शिक्षकाच्या मागणीचा ठराव ग्रामसभेत मांडणार आहोत. शिवाय गावात डी.एड. झालेली एक सून घरी आहे. नेमणूक होईपर्यंत तिला मानधन द्यायला मुंबई मंडळ तयार होतं का, ते विचारायचंय. सरकारचं काम आपण अंगावर का घ्यायचं, असं काही जण म्हणतील. म्हणणं बरोबर आहे. पण जून थांबत नाही.

येत्या रविवारी त्या दोन्ही घरी आम्ही जाणार आहोत. गुरुजी गावाला गेले नाहीत, तेही येतील. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी नऊला शाळेच्या पायरीवर या. उन्हं चढायच्या आत परत येऊ.