बेंगळूरचे ‘आरे’

बेंगळूरच्या चिक्कपेठेत एका शिंप्याच्या दुकानी मी बटण लावून घेण्यास थांबलो होतो. वृद्ध मालक गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, कारागिराशी तमिळमध्ये आणि आतल्या खोलीतील सुनेशी चक्क मराठीत बोलत होते. न राहवून विचारले, “आपण महाराष्ट्रीय का?”

“नव्हे,” ते म्हणाले. “आम्ही मराठी. इथले लोक आम्हांस आरे म्हणतात. महाराष्ट्र मी एकदाच पाहिला, पंढरपूरला गेलो तेव्हा.”

भाषांतरावर पोट भरणाऱ्यास हे उत्तर बोचणारच. मूळ मजकुरात मराठी माणूस परप्रांतात दिसला, की ‘महाराष्ट्रीय’ लिहून मी मोकळा होत असे. परंतु महाराष्ट्र राज्य झाले १ मे १९६० रोजी. आणि १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बेंगळूर केंपेगौडांकडून घेतले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हापासून मराठी येथे नांदते आहे. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळास एकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा १६६९ चा लेख आहे. १६८७ मध्ये शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले, तीन लाख रुपयांस म्हणतात. जहागीर गेली, माणसे राहिली. मागाहून आणखी येत गेली.

‘आरे’ हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले. त्यात शिंपी, रंगारी, कुणबी सारेच येतात. तंजावरकडच्या मराठी घरांना तमिळ लोक ‘रायर’ म्हणतात, तसेच हे. (याच बेंगळुरात १९५० साली मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड पुढे रजनीकांत झाले आणि तमिळ जनतेने त्यांना आपलेच मानले.)

म्हाताऱ्याची तक्रार निराळीच होती. मुलाच्या शाळेच्या अर्जावर मातृभाषेच्या रकान्यात कारकुनाने ‘मराठा’ लिहिले होते. “भाषेच्या जागी जात! दुरुस्त करा म्हटले, तर म्हणाला, दोन्ही एकच. आता नात विचारते, कन्नड लिहू का? काय सांगावे?”

मजजवळ उत्तर नव्हते. तेवढ्यात सुनेने वाणसामानाची यादी त्यांच्या हाती दिली. मी डोकावून पाहिले. लिपी कन्नड होती, मला एक अक्षर लागेना. म्हाताऱ्याने चष्मा चढवून मोठ्याने वाचले: “गूळ, तुरीची डाळ, जिरे, हळद…”