नमुन्याखालच्या दोन ओळी
बँकेत आयुष्यभर छापील नमुन्यांतून पत्रव्यवहार केला. निवृत्तीनंतर हिंगण्यातील एका महाविद्यालयाला परदेशी विद्यार्थ्यांसाठी संदेशांचे नमुने करून देतो. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असल्यास आगमनापासून साधारणतः १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. हा नियम सर्वांना एकाच शब्दांत कळावा, हेच न्याय्य. महिना मात्र अक्षरांत लिहावा. ०५/०६ म्हणजे आपला ५ जून, अमेरिकेचा ६ मे.

परंतु आजारी मुलाला नमुना पुरत नाही. पुण्यात कावीळ झालेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याचे एकाकीपण प्रा. शां. ब. मुजुमदारांनी पाहिले आणि १९७१ मध्ये ‘सिम्बायोसिस’ उभी राहिली. म्हणून प्रत्येक नमुन्याखाली मी दोन ओळी रिकाम्या ठेवतो. त्या पाठवणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत, विचारपूस करून भराव्यात.