चरणाऱ्यांचा माळ

कझाकस्तानच्या स्टेपवर, म्हणजे गवताळ माळावर, स्टिपा नावाचं गवत असतं. त्याच्या बीला पिसासारखं लांब शेपूट असतं. ओल लागली की शेपटाचा पीळ सुटतो, उन्हानं पुन्हा बसतो आणि त्या फिरण्यानं बी मातीत शिरतं. आपल्या माळावरची कुसळीही हेच करते. अशी आपली पेरणी आपणच करणारी जमीन १९५४मध्ये ख्रुश्चेव्हच्या सोव्हिएत सरकारला रिकामी दिसली. पुढच्या काही वर्षांत एकट्या कझाकस्तानात सुमारे अडीच कोटी हेक्टरांवर नांगर फिरला. १९५६चं पीक भरघोस आलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला वाऱ्यानं माती उडवून नेली. माणसांना भाकरी नको का, असं कुणी विचारेल. हवीच. उत्तरेच्या काळ्या मातीतली गव्हाची शेतं मोडा, असं कुणी म्हणत नाही. पण हलक्या, कोरड्या जमिनीही तेव्हा नांगरल्या गेल्या आणि सोव्हिएत संघ कोसळताच पडीक पडणाऱ्यांत त्याच आघाडीवर होत्या.

मग नांगर थांबला म्हणजे स्टेप वाचला का? गवत परतलं खरं, पण ते खाणारी तोंडं उरली नव्हती. गावांची गुरं घटली होती, सायगा हरणांची बेसुमार शिकार झाली होती. न चरलेलं गवत वाळून साठलं आणि वणव्यांना सरपण मिळालं. टिटवीच्या कुळातला, हिवाळ्यात भारतातही येणारा सोशिएबल लॅपविंग घरटं करतो तो आखूड चरलेल्या गवतात. नुसतं कुंपण घालून गवताळ रान राखता येत नाही, ते यामुळेच.

सायगाचं नाक सोंडेसारखं लोंबतं. उन्हाळ्यात ते धूळ गाळतं, हिवाळ्यात गार हवा ऊबदार करतं. नराच्या शिंगांना चिनी औषधांत मागणी असल्यानं या शतकाच्या सुरुवातीला कझाकस्तानात हा प्राणी पन्नास हजारांच्याही खाली आला होता. मग पहारे बसले, ‘अल्तिन दाला’ संरक्षण उपक्रम उभा राहिला, कळप वाढू लागले. आणि मे २०१५मध्ये, ऐन विण्याच्या हंगामात, जेमतेम तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सायगा मेले. रोग कोणता? आपले शेतकरी पावसाळ्यापूर्वी गुरांना ज्याची लस टोचून घेतात, तोच घटसर्प. त्याचा जिवाणू सायगांच्या अंगात आधीपासूनच निमूट होता. त्या दिवसांतल्या असाधारण दमट, उबदार हवेत तो उलटला. सायगाची मादी बहुधा जुळी विते. शिकार आटोक्यात आणि माळ मोकळा राहिल्यानं २०२३च्या मोजणीत कझाकस्तानातल्या सायगांची संख्या एकोणीस लाखांवर गेली. शे-दोनशे जनावरं कुंपणात जपली असती, तर असा एकच मे महिना त्यांना पुरला असता. ज्या प्राण्याच्या नशिबी असे घाले आहेत, त्याला मोठी संख्या लागते आणि मोठ्या संख्येला पसरायला जागा.

आता पश्चिम कझाकस्तानातले शेतकरी म्हणतात, हे कळप आमची पिकं तुडवतात, चारा खातात. तक्रार खरी आहे आणि तिचं उत्तर रोख भरपाईनं द्यायला हवं. तो भार एकट्या गावानं का सोसावा? पण कळपांच्या वाटेत लोहमार्ग, रस्ते, तारा घालून हा प्रश्न सुटणार नाही. स्टेप राखायचा, तर त्यावर चरणाऱ्यांची वाट आधी राखली पाहिजे.