समोर कोण बसले आहे?

घोडेगावची बाजारपेठ भीमाशंकरच्या वाटेवरची. मंचरहून निघालेल्या यात्रेकरूला ती क्षणभर दिसते आणि मागे पडते. पण पश्चिमेकडील डोंगरांतल्या आदिवासी वाड्यांसाठी तेच तालुक्याचे गाव, तेच कचेरीचे आणि तेच मीठ-तेलाचे. उन्हाळ्यात या डोंगरांतून बाळहिरडा खाली येतो. तो खरेदी करणाऱ्या एका जुन्या पेढीवरचे वडीलधारे गृहस्थ आजही मूठभर हिरडा तळहातावर घोळवून तो पुरता वाळला आहे की नाही हे सांगतात. मात्र मालाआधी ते माणूस पाहतात: कोणत्या वाडीचा, कोणाचा मुलगा, मागची उचल केव्हा फेडली. ‘पत’ हा शब्द बँकेच्या अर्जात येण्याच्या कितीतरी आधी अशा गादीवर नांदत होता.

याच पेढीवर मध्यंतरी एक निराळा धंदा सुरू झाला. धाकटे चिरंजीव वाणिज्य पदवीधर. गल्ल्यावर बसून मोबाइलवर निफ्टीचे ऑप्शन घेऊ लागले. आरंभी घरात कौतुकच झाले. हळूहळू हिरड्याच्या खरेदीसाठी राखलेली रोकड तिकडे वळली, आणि हंगाम आला तेव्हा माल घेऊन आलेल्या माणसांना ‘आठ दिवसांनी या’ असे सांगण्याची पाळी आली. पेढीच्या इतिहासात हे प्रथमच घडत होते. वडील रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “तू घेतलेस ते विकले कोणी?”

“ते ॲपवर दिसत नाही, पप्पा.”

ॲपवर दिसत नसले, तरी सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचे उत्तर आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. २०२३-२४ मध्ये नफा ज्यांनी मिळवला, त्या परदेशी संस्थांच्या नफ्यातील ९७ टक्के आणि स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या दलाल संस्थांच्या नफ्यातील ९६ टक्के हिस्सा संगणकीय अल्गोरिदमने केलेल्या व्यवहारांतून आला होता. म्हणजे घोडेगावच्या गल्ल्यावरून बोट फिरवणाऱ्या तरुणासमोर बहुतेक वेळा माणूस नव्हताच. सगळेच अल्गोरिदम म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे. पुष्कळसे साध्या ठरीव नियमांवर चालतात. परंतु बातम्या वाचणारी, भावांच्या हालचालींतून स्वतः शिकणारी यंत्रे आता त्यांच्या पंक्तीत बसली आहेत. सेबीने पुढे कराराचे किमान मूल्य १५ लाखांपर्यंत वाढवले, साप्ताहिक करार प्रत्येक शेअर बाजाराला एकाच निर्देशांकापुरते ठेवले. तरीही २०२४-२५ मध्ये ९१ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांचा तोटाच झाला. रक्कम १,०५,६०३ कोटी.

येथे व्यापारी समाजाने एक अप्रिय गोष्टही कबूल केली पाहिजे. ज्याच्याजवळ भावाची खबर आधी पोहोचते तो कमावतो, हा नियम यंत्राने शोधलेला नाही. पुण्या-मुंबईचा दर पेढीला ठाऊक असे आणि डोंगर उतरून आलेल्या विक्रेत्याला नसे, तेव्हा पेढी त्याच्यासमोर आजच्या यंत्राच्याच जागी बसलेली होती. फरक इतकाच, की पेढीवाल्याला पुढच्या उन्हाळ्यात त्याच माणसाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागे. त्या एका गोष्टीने पुष्कळ हात आवरले गेले. सगळे आवरले गेले, असे मात्र म्हणता येणार नाही.

आता तर डोळ्यांवरही विसंबता येत नाही. २०२४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे प्रमुख आशिषकुमार चौहान शेअर सुचवत असल्याच्या बनावट चित्रफिती पसरल्या आणि बाजाराला जाहीर इशारा द्यावा लागला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेलाही आपल्या गव्हर्नरांच्या नावे फिरणाऱ्या अशाच चित्रफितींबद्दल सावध करावे लागले. चेहरा आणि आवाज यांवर पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार केलेल्या घरांना हा धक्का अधिक बसतो.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे: दाही दिशांना किती अंतरापर्यंत जावयाचे, याची मर्यादा स्वतः घालून घ्यावयाची. पेढीवरून पाय न हलवता पैसा आज कुठे जातो, हे पाहिले म्हणजे त्या व्रताची आठवण होते. प्रगत चिप मुख्यतः तैवानमध्ये घडतात. अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ पासून त्या चीनला देण्यावर निर्बंध घातले. चीनने २०२३ मध्ये गॅलियम व जर्मेनियम या धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट लावली. २७ जानेवारी २०२५ रोजी डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्त प्रणालीच्या धास्तीने एनव्हिडियाचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ५९० अब्ज डॉलरने उतरले. ज्यांनी आपल्या एसआयपीत परदेशी तंत्रज्ञानाचा फंड ठेवला आहे, त्यांनी तैवानची सामुद्रधुनी नकाशावर एकदा शोधून ठेवावी. हिरड्याच्या डोंगराची जशी माहिती असते, तशी.

दुकानातील यंत्राला नावे ठेवण्याचे कारण नाही. उधारीची यादी, साठ्याचा अंदाज, जीएसटीचा मेळ ही कामे ते चोख करील. परंतु अमुक खातेदाराला उधार बंद करा, असा सल्ला ते देईल तेव्हा त्याला त्या घरातले आजारपण ठाऊक नसेल. रिझर्व्ह बँकेच्या समितीने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात उत्तरदायित्व यंत्र वापरणाऱ्या संस्थेवरच ठेवले आहे. पेढीच्या भाषेत, चोपडीवर सही धन्याची.

त्या घरात दिवाळीच्या वहीपूजनानंतर धाकट्याने स्वतःच एक पान आखले. हिरड्याची रोकड वेगळी, घरखर्च वेगळा, आणि बाजारासाठी एक ठरावीक रक्कम, जी संपली तर वर्षभर पुन्हा भरावयाची नाही. ऑप्शन पूर्ण सोडवले नाहीत. वडिलांनी तसा आग्रहही धरला नाही. परिग्रहपरिमाण दुसऱ्याने घालून चालत नाही, एवढेच ते म्हणाले. उन्हाळ्यात पहिला बाळहिरडा आला तेव्हा पैसे मोजण्याचे काम त्यांनी मुलाकडे दिले, आणि प्रत्येक विक्रेत्याला त्या दिवशीचा पुण्याचा दर आधी सांगावयास लावला.