हानलेचा उजेड आणि खोटा आकडा

लेहहून निघालेली गाडी सिंधूच्या काठाकाठाने न्योमापर्यंत येते, लोमाचा पूल ओलांडते आणि मग दोन्ही बाजूंचे डोंगर दूर सरकतात. समोर पसरते हानलेचे विस्तीर्ण माळरान. सुमारे अडीचशे किलोमीटरचा हा प्रवास लडाखच्या चांगथांग भागात, समुद्रसपाटीपासून ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर येऊन थांबतो. टेकडीवर सतराव्या शतकातला बौद्ध मठ आहे आणि पलीकडच्या डोंगरावर ४,५०० मीटर उंचीवर वेधशाळा. तिथली २ मीटर व्यासाची दुर्बीण २००० सालापासून आकाश न्याहाळते आहे. तिचे काम बंगळूरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालते.

२०२२ साली या परिसराला काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. तेव्हापासून तारे पाहायला पर्यटक येऊ लागले. रात्री खिडक्यांना जाड पडदे लागतात, दिव्यांचा उजेड बाहेर सांडू दिला जात नाही. पण ज्या गावाने बाहेरचा अंधार इतक्या निगुतीने जपला, त्याला घरातला उजेडही तितकाच जपावा लागतो. श्रीनगरहून येणारी मोठी वीजवाहिनी २०१९ साली लेहला पोहोचली खरी, पण चांगथांगच्या विखुरलेल्या वस्त्यांमध्ये आजही अनेक घरांचा भरवसा छपरावरच्या सौर पॅनेलवर आणि कोपऱ्यातल्या बॅटरीवर असतो.

८६ टक्के, तरीही अंधार

अशाच एका घरातली ही गोष्ट. पाहुण्यांसाठी दोन खोल्या, स्वयंपाकघरात शेणाच्या गोवऱ्यांवर तापणारी बुखारी आणि भिंतीवर बॅटरीची स्थिती दाखवणारा छोटा पडदा. नोव्हेंबर लागला, पर्यटक परतले आणि घरात एक विचित्र प्रकार सुरू झाला. पडद्यावर ८६ टक्के दिसत असत आणि रात्री नऊच्या सुमारास दिवे पटकन विझत. घरमालकिणीला वाटले, दिवेच खराब झाले. तिने ते बदलून पाहिले. उपयोग झाला नाही.

लेहहून एक तरुण मिस्त्री आला. लोणी घातलेला खारट चहा पिता पिता त्याने विचारले, "अमा-ले, बॅटरी भरली हे तुम्ही कशावरून ठरवता?"

"आकड्यावरून, नोनो. तो खोटं कशाला बोलेल?"

"तो खोटं बोलत नाही. त्याला जेवढं सांगितलं, तेवढंच तो सांगतो."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवण्यापूर्वी, सगळे दिवे बंद असताना त्याने मीटर लावून पाहिले. ११.७ व्होल्ट! म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी होती.

चुकलेली तार

मग त्याने एकेक तार हाताने चाचपत शोध घेतला. बॅटरीच्या ऋण टोकाला शंट नावाची धातूची छोटी पट्टी जोडलेली असते. किती वीज आली आणि किती गेली, याचा जमाखर्च तिच्यावरून होतो. पाहुण्यांचे फोन आणि कॅमेरे चार्ज करण्यासाठी त्या उन्हाळ्यात एक नवा इन्व्हर्टर बसवला होता. त्याची काळी तार पट्टीला वळसा घालून थेट बॅटरीला जोडली गेली होती. वहीत जमा लिहिली जात होती, पण अर्धा खर्च लिहिलाच जात नव्हता!

ही चूक साधी नव्हती. पूर्ण भरलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतले पाणी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. पण रिकाम्या बॅटरीतले द्रावण उणे १० अंशांच्या आसपासच गोठू लागते, फुगते आणि बॅटरी तडकते. हानलेचा हिवाळा उणे २० अंशांच्या खाली जातो. ही बॅटरी स्वयंपाकघराच्या भिंतीलगत उबेत होती म्हणून वाचली. बाहेरच्या पडवीत असती, तर नवी बॅटरी लेहहून येईपर्यंत घर अंधारात राहिले असते.

मिस्त्रीने आधी पॅनेलची आणि मग बॅटरीची जोडणी सोडवली, काळी तार पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नेली. बॅटरीची क्षमताही पडद्यात कमी करून भरली, कारण जुनी आणि गारठलेली बॅटरी वेष्टनावर छापलेल्या आकड्याइतकी वीज देत नाही. उणे २० अंशांना ती जेमतेम निम्म्यावर येते. दोन दिवस उन्हात बॅटरी पूर्ण भरू दिली आणि मगच पडद्याला सांगितले, 'आता १००.'

घरी काय पाहावे?

हे केवळ लडाखपुरते नाही. आपल्याकडे भारनियमनासाठी घेतलेल्या इन्व्हर्टरलाही बहुधा अशीच बॅटरी असते. दुपारी चार्ज होत असताना १४ व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी भरली असे नाही. तो चार्जिंगचा दाब असतो. खरी स्थिती कळते पहाटे, विजेचा वापर बंद असताना. १२ व्होल्टच्या बॅटरीत १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी.

पडदा कोरा दिसला तर तो बिघडला असे लगेच समजू नये. त्याच्या बारीक तारेतला फ्यूज आणि ढिल्या जोडण्या आधी पाहाव्यात. कडक थंडीत आकडे नुसतेच पुसट किंवा संथ होतात, ऊब मिळाली की परततात. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल, तर जोडणी सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती पुसावी, मात्र सोडा आत जाता कामा नये. बॅटरीजवळ काडी ओढू नये आणि हातातल्या बांगड्या, अंगठ्या आधी उतरवाव्यात.

त्या घरात आता भिंतीवरच्या कॅलेंडरला पेन्सिल बांधलेली आहे. पहाटे बुखारी पेटवण्यापूर्वी घरमालकीण मीटर लावते आणि तारखेच्या चौकोनात व्होल्ट लिहिते. पडद्यावरचा आकडा तीही पाहते, पण कॅलेंडरशी ताडून. रात्री नऊला आता दिवा विझत नाही. तो ती स्वतः मालवते, कारण बाहेर ताऱ्यांची वेळ झालेली असते.