साखरेचा थर

सह्याद्रीतले घसारे वीस वर्षं तुडवल्यावर ३६ अंशांच्या उताराचं काय कौतुक वाटणार? फेब्रुवारीत गुलमर्गला गोंडोल्याच्या वरच्या ठाण्यातून अफरवट डोंगरावर उतरलो तेव्हा दोन दिवसांचा हिमवर्षाव थांबून आभाळ निळंशार झालं होतं. हद्दीच्या दोरीच्या आतल्या उतारांवर गस्तीपथक स्फोटकं लावून सैल बर्फ आधीच पाडून घेतं. आम्हाला स्की करायचं होतं दोरीपलीकडे.

वाटाड्या तंगमर्गकडचा. त्याने आधी खड्डा खणायला लावला. मला कंटाळा आला होता, कबूल करतो. खड्ड्याच्या भिंतीत त्याने एक चौकोनी खांब कोरला, वर फावडं ठेवलं आणि थापा मारू लागला. मनगटातून दहा, मग कोपरातून. कोपराच्या तिसऱ्या थापेला वरचा अर्धा मीटर जाड थर टेबलाच्या खणासारखा अलगद पुढे आला. खालचं मूठभर बर्फ त्याने माझ्या हातावर ठेवलं. कितीही दाबा, लाडू वळेना. जाडी साखरच! हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ, खालची जमीन त्यामानाने उबदार आणि वरची हवा कडाक्याची. आतून वर चढणाऱ्या वाफेने कण टोकदार होतात, एकमेकांना धरत नाहीत. त्यांच्यावर आता हे नवं ओझं बसलेलं.

आदल्या दिवशी बीकनचा, म्हणजे गाडलेल्याचा माग काढणाऱ्या रेडिओ यंत्राचा, सराव झाला होता. बर्फात पुरलेली बॅग शोधून, उकरून काढायला मला अकरा मिनिटं लागली. “बॅगेला श्वास लागत नाही म्हणून बरं,” वाटाड्या म्हणाला होता. हिमस्खलनात गाडलेला माणूस जिवंत सापडण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने ओसरते.

खड्ड्याने दिलेला इशारा मानून आम्ही एकेक जण अंतर ठेवून मागे फिरलो. वाटेत पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज झाला आणि माझ्या स्कीपासून एक बारीक चीर सुतासारखी पळत गेली. एवढंच. उतार जागचा हलला नाही.

शेजारच्याच उतारावरून दुसरा एक गट मजेत खाली गेला. त्यांना काहीही झालं नाही, आणि खरं सांगायचं तर मला हे थोडं लागलंच. घसाऱ्यावर चुकलं की फुटका गुडघा लगेच सांगतो. इथे आपण शहाणे ठरलो की नुसतेच भित्रे, कोण सांगणार?

संध्याकाळी त्या पोरांनी आपला व्हिडिओ दाखवला. वाटाड्याने तो शेवटपर्यंत पाहिला, “वळणं सुरेख आहेत” म्हणाला आणि खारट नूनचायमध्ये गिर्दा रोटीचा तुकडा बुडवला.