यादीवर सही करण्याआधी

चि. छकुलीस,


आठ मार्चला, महिला दिनी, वाचनालयात कोणती पुस्तकं मांडू, असं विचारलंस. फोटो, हार, रांगोळी तुमची शाळा हौसेनं करेलच. त्याआधी तू मार्चअखेरची निर्लेखनाची, म्हणजे काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी काढून बस. पानं पिवळी पडली, बांधणी निखळली, एवढ्यावरून कुठली बाई रद्दीत चालली आहे ते बघ. मगच सही कर.

ताराबाई शिंदे यांचं काय झालं आठवतं ना? सुरतेच्या एका विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हा वर्तमानपत्रं सगळ्याच बायकांवर तुटून पडली. त्या संतापात बुलढाण्याच्या ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. 1882 मध्ये ती छापली गेली. जोतीराव फुल्यांनी त्याच काळात त्यांची बाजू घेतली, तरी पुस्तक विस्मरणात गेलंच. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं 1975 मध्ये. मधली नव्वदेक वर्षं ते किती कपाटांत होतं, कुणास ठाऊक!

शाळांत थोर स्त्रियांची पातळ चरित्रं ढिगानं असतात. सगळ्याजणी त्यांत सारख्याच सोज्वळ. त्यांनी स्वतः लिहिलेलं मात्र शोधावं लागतं. रमाबाई रानडे यांच्या आठवणी घे. ‘स्मृतिचित्रे’ तर घेच. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांच्या सोवळ्याचे प्रकार वाचून मुलं खो खो हसतील, आणि त्यापायी घरच्या बायकांचे काय हाल झाले तेही त्यांचं त्यांना कळेल. नववी-दहावीला बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ दे. मुलांना झेपणार नाही म्हणून कुणी कुरकुरेल. कुरकुरू दे.

मुक्ता साळवे राहिली. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. 1855 मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदया’त आला. वेद ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. बक्षीस द्यायला आलेल्या साहेबाला, खाऊ नको, ग्रंथालय द्या, असं म्हणणारी मुलगी हीच, असं सांगतात. पण निबंध पडला छोटा. सुटं पुस्तक नाही, म्हणून दाखल क्रमांक नाही, म्हणून कपाटात जागा नाही. तू त्याची झेरॉक्स काढ, पुठ्ठा घालून बांध, दाखल रजिस्टरात रीतसर चढव आणि इतिहासाच्या कप्प्यात ठेव. ‘महिला’ अशी चिठ्ठी लावून वेगळा कप्पा करू नकोस. मुलगे तिकडे फिरकत नाहीत.

तुझी,
मावशी